रूथआत्याच्या बीअर शॉपीची रिकामी खोकी

आमच्या घरामागच्या पडवीत रिकामी खोकी साचतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. बाटल्या फ्रीजमध्ये गेल्या की खोकं मागे फेकलं जातं, आणि बघता बघता पडवीत पाय ठेवायला जागा उरत नाही. मग कुणी पेरू भरायला नेतं, कुणी भांडी बांधायला नेतं, आणि नाताळ आला की आमच्या चर्चमधल्या येशूजन्माच्या गोठ्याचं छप्परही त्यांचंच होतं. किस्स्यांचंही तसंच आहे. मी वर्गात फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडचे कुणी नेलेच नाहीत. आता जागा उरली नाही म्हणून लिहिते.

आधी दुकानाचं सांगते. कोल्हारमध्ये, हायवे सोडून बरंच आत, माझ्या रूथआत्याची बीअर शॉपी आहे. पूर्वी ती मामांची होती, म्हणजे आत्याच्या यजमानांची. ते वारले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता आत्या लायसन सोडून देणार. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून गीतं म्हणणारी बाई बीअर कशी विकणार? आत्याने नगरला हेलपाटे घातले, लायसन स्वतःच्या नावावर करून घेतलं आणि एका सकाळी प्रार्थना करून शटर वर केलं. तिने आजवर बीअरचा थेंबही चाखलेला नाही. कुणी त्यावरून छेडलं तर म्हणते, "मेडिकलवाला काय समदी औषधं खाऊन बघतो का?"

माझे आईबाबा देवळाली प्रवरेजवळ शेतावर राहतात. आत्या एकटी पडली आणि मला इथली शाळा जवळ, म्हणून मी तिच्याकडे राहायला आले. घर आणि दुकान एकाच इमारतीत आहे. मधे एक जाळीचं दार आणि एक उंबरा.

*

पहिला किस्सा त्या उंबऱ्याचा.

दुकानात पाटी आहे : एकवीस वर्षांच्या आतल्यांना बीअर मिळणार नाही. आत्याने तो नियम माझ्यासाठी आणखी वाढवला. मी उंबरा ओलांडायचाच नाही. "हिकडं घर, तिकडं सरकार," असं तिने पहिल्या दिवशी सांगितलं. त्यामुळे तिचा डबा मी उंबऱ्यावरून हात लांब करून देते.

एकदा तिचा मोबाईल काउंटरवर वाजत राहिला. आत्या मागे नळावर होती. मी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहिले आणि तो वाजून वाजून बंद पडला. बाबांचा होता. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "उचलला का नाही?"

आत्याने माझ्या आधी उत्तर दिलं. "सरकारच्या हद्दीत वाजत हुता."

मग एक दिवस एक्साइजचे नवीन साहेब तपासणीला आले. बाटल्या बघितल्या, पाट्या वाचल्या, आणि जाळीच्या दारातून मी अभ्यास करताना दिसले.

"ही मुलगी कोण?"

"भाची हाय, सायेब. उंबऱ्याच्या पलीकडं हाय."

साहेबांनी वाकून उंबरा नीट बघितला. तपासणी संपली. तेवढ्यात आमच्या स्वयंपाकघरातून झाकून ठेवलेल्या कांदेपोह्यांचा वास आला आणि आत्या म्हणाली, "थोडं खाऊन जावा."

"नको. लायसनवाल्यांकडे आम्ही पाणीसुद्धा घेत नाही."

"हितं नकाच घेऊ," आत्या म्हणाली. "उंबरा वलांडून या. तिकडं मी लायसनवाली न्हाई, हिची आत्या हाय."

साहेबांनी पुन्हा एकदा उंबरा बघितला. मग बूट काढून आत आले आणि जमिनीवर बसून पोहे खाल्ले. जाताना उंबऱ्यावर थांबले, टोपी घातली आणि पुन्हा साहेबांच्या आवाजात म्हणाले, "आग विझवायच्या सिलिंडरची तारीख संपत आलीय. बदलून घ्या."

*

दुसरी गोष्ट म्हणजे पाहुणे.

कोल्हारमधला कुणीही माणूस स्वतःसाठी बीअर नेत नाही. सगळ्यांकडे पाहुणे आलेले असतात. शेजारी, शिक्षक, ट्रॅक्टरवाले, सगळे काउंटरवर येऊन इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, "काय न्हाई, पाव्हने आलेत." आत्याही तितक्याच गंभीरपणे विचारते, "पाव्हन्यांना गार चालतंय का?"

आमच्या मंडळीतले दानीएलकाका तर दर शनिवारी येत. त्यांचे पाहुणे फार नेमाचे होते.

एका रविवारी उपासना संपल्यावर सगळे चर्चच्या अंगणात उभे होते. दानीएलकाका बायकोबरोबर चालले होते. आत्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "काय दानीएलभाऊ, पाव्हने गेले का?"

काकू थांबल्या. "कोनते पाव्हने? आमच्याकडं तर दिवाळीपासनं कुत्रं फिरकलं न्हाई."

दानीएलकाकांचा चेहरा पांढराफटक पडला. मी आत्याच्या मागे उभी होते, तिने पदर एकदम घट्ट ओढून घेतला. ती म्हणाली, "अगं, माझ्याकडचे. माझा दीर आल्ता मनमाडवरनं. भाऊंनी त्याला स्टँडवर सोडलं न्हवं का?"

"मग सांगायचं तरी," काकू नवऱ्याला म्हणाल्या. "जेवायला आनला अस्ता."

त्या दिवसापासून आमचं सिलिंडर आणणं, पंखा दुरुस्त करणं, पाण्याच्या टाकीत उतरणं, ही सगळी कामं दानीएलकाका करतात. आत्याला मनमाडला दीर नाही. तिला दीरच नाही.

*

आता ओंकारदादा.

हा मंदाकाकूंचा मुलगा. मंदाकाकू म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, बायकांच्या बचत गटाच्या अध्यक्ष आणि आत्याच्या फार जुन्या मैत्रीण. ओंकारदादा पुण्यात कंप्युटरवर काम करायचा. तेच काम घरून करता येतं म्हटल्यावर तो गावी परत आला. मंदाकाकू इतक्या खूश झाल्या की त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

पण महिनाभरातच तो आमच्या काउंटरवर उभा राहून उदास चेहऱ्याने फ्रीजकडे बघत होता.

"मावशी, क्राफ्ट बीअर नाही का ठेवत तुम्ही?"

"ती काय आस्ती?"

"थोडी थोडी बनवतात, जीव लावून. पुण्यात मी एक घ्यायचो. गव्हाची. त्यात संत्र्याची साल आणि धने असतात."

आत्याने त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. "बरं न्हाई का तुला? हा तर काढा झाला."

पण तो हसला नाही. म्हणाला, इथे सगळं चांगलं आहे, पण काम संपल्यावर संध्याकाळी काय करावं ते कळत नाही. बघतो, नाहीतर जातो पुण्याला परत.

आत्याने त्याच दिवशी डीलरला फोन केला. तेव्हा आम्हाला कळलं की बीअर म्हणजे बिस्किटं नव्हेत, की वाटलं आणि मागवली. प्रत्येक लेबलला सरकारची मंजुरी लागते, मग ती डीलरकडे यावी लागते, आणि डीलर म्हणाला, कोल्हारला असली बीअर कोण पिणार, एका खोक्यासाठी मी गाडी पाठवू का? आत्या दर सोमवारी फोन करत राहिली. शेवटी डीलर वैतागून म्हणाला, "ताई, असं किती गिऱ्हाईक आहे तुमच्याकडं?"

"येकच हाय. पन ते गेलं तर त्याची आई रडंल."

खोकं आलं ते गांधी जयंतीच्या आदल्या संध्याकाळी, आणि ओंकारदादा शिर्डीला गेलेला. सकाळी धावत आला तर ड्राय डे. शटर बंद. आत्या मागच्या दारात तांदूळ निवडत होती.

"मावशी, एकच. घरच्या दारातून."

"घरच्या दारातनं पोहे मिळतील."

दुसऱ्या दिवशी तो शटर उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसला. आत्याने शटर उघडलं, बाटली काढली आणि म्हणाली, "आधार कार्ड दाव."

"मावशी, माझ्या बारशाला तुम्ही होता."

"मी हुते. एक्साइजचे सायेब न्हवते."

तो घरी जाऊन आधार कार्ड घेऊन आला. बाटली लॅपटॉपच्या बॅगेत घातली आणि हळूच म्हणाला, "मावशी, आईला कळू देऊ नका." आत्याने मान हलवली.

तेव्हापासून दर शनिवारी तो लॅपटॉपची बॅग घेऊन येतो. मंदाकाकू कौतुकाने सांगतात, "शनवारी पन पोरगं ब्याग खांद्यावरनं काडत न्हाई. लई काम आस्तंय त्याला."

*

आणि मग मंदाकाकूंनीच आत्याचं दुकान बंद करायचं ठरवलं.

म्हणजे त्यांचा राग स्टँडजवळच्या देशी दारूच्या दुकानावर होता. गटातल्या कितीतरी बायका पेरूच्या बागांत राबतात, आणि घरी पोचायच्या आधी त्यांचे नवरे त्या दुकानात पोचलेले असतात. एकीचं डोकं फुटलं तेव्हा मंदाकाकूंनी गावातल्या बायकांच्या सह्या गोळा केल्या. आमच्याकडे कायदा असा आहे की पुरेशा बायकांनी मागणी केली की फक्त बायकांचं गुप्त मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकानं राहू द्यायची असतील तर उभीवर शिक्का मारायचा, बंद करायची असतील तर आडवीवर. आडवी जिंकली तर गावातली सगळी दुकानं जातात. देशीचंही आणि आत्याचंही.

मंदाकाकू हे सांगायला स्वतः आल्या. उंबऱ्यावर बसल्या. चहा घेतला नाही.

"रूथ, तुझ्यावर राग न्हाई माझा. पर त्यातनं तुझं एकटीचं वगळता येत न्हाई."

"ठावं हाय," आत्या म्हणाली. "तिचं डोकं बरं झालं का?"

त्या गेल्यावर आत्याने मला सगळं सरळ सांगितलं. दुकान गेलं तर हे भाड्याचं घर सोडायचं, तिने आमच्या शेतावर येऊन राहायचं, आणि मी दहावीच्या मधेच शाळा बदलायची. मला रडू आलं. ती म्हणाली, "आत्ता नको. आत्ता दूध उतू चाललंय." खरंच चाललं होतं.

चार दिवसांनी मंदाकाकू पुन्हा आल्या. या वेळी जरा अडखळत.

"फेरी काडायची हाय. पाट्या लागनार. तुझ्याकडं खोकी पडलीत न्हवं?"

"ने की."

"आन... तुझ्या भाचीचं अक्षर छापल्यावानी हाय."

मी आत्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "लिही. पन रंग ओघळू देऊ नको. माझ्या दुकानाची गोष्ट हाय, नीट दिसाया पायजे."

म्हणून 'आडवी बाटली, सुखी घर' ही पाटी माझ्या हातची आहे. बाकीच्याही. गटातली एक बाई मला बघून म्हणाली, ही दारूवालीची पोर इथं कशाला? मंदाकाकू तिच्याकडे वळल्या. "पोरीला मधी आनायचं न्हाई. तिला कोन बोललं तर माझ्याशी गाठ हाय." त्यानंतर मला कुणीही काही बोललं नाही, वर्गातही नाही. हे मी त्यांचं कधी विसरणार नाही.

फेरी निघाली. पाट्या उंच धरलेल्या, घोषणा जोरात. पण खोकी आमच्या दुकानाची. लिहिलेली बाजू पुढे होती, आणि मागच्या बाजूला, रंगीत आणि माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या अक्षरांत, बीअरचं नाव आणि थेंब साचलेली बाटली. समोरून बघणाऱ्यांना दारूबंदीची फेरी दिसत होती. मागून येणाऱ्यांना नवीन बीअरची जाहिरात.

हायवेवर मागून आलेल्या ट्रकवाल्याने गाडी हळू केली, डोकं बाहेर काढलं आणि रांगेतल्या शेवटच्या म्हातारीला विचारलं, "आजी, ही हितं कुठं मिळंल?"

आजीने अगदी प्रेमाने हात करून दाखवलं. "त्या गल्लीत जा, बाबा. रूथबाईकडं."

*

मतदानाच्या आठवड्यात मंदाकाकू उरलेल्या पाट्यांसाठी खोकी न्यायला आल्या. आत्या काउंटरवर होती म्हणून त्या थेट दुकानाच्या बाजूने आल्या आणि फ्रीजसमोर थबकल्या.

फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सगळ्या बाटल्या आडव्या होत्या. एकजात आडव्या, ओळीने, काचेतून स्वच्छ दिसत होत्या.

त्याचं कारण साधं होतं. ओंकारदादाच्या गव्हाच्या बीअरची बाटली उंच, लांब मानेची, आणि तो कप्पा बुटका. उभी बसतच नाही. पण हे सांगायचं तर ती बीअर कुणासाठी येते तेही सांगावं लागणार.

मंदाकाकूंनी काचेला हात लावला. "रूथ," त्या म्हणाल्या, "तू पन?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी जाळीआड होते, मी पुस्तकात बघितलं.

"जागा कमी हाय," आत्या म्हणाली.

"काय बोलू नको," मंदाकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज भरून आला होता. "काय बोलू नको."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं की रूथबाईने स्वतःच्या दुकानात आडवी बाटली लावली. देशीच्या दुकानाच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. ते तावातावाने बघायला आले. आत्या त्यांनाही तेच म्हणाली. जागा कमी आहे.

*

मतदान माझ्याच शाळेत होतं. दुकानं अर्थात बंद. आत्या सकाळीच जाऊन शिक्का मारून आली. मी गेटासमोरच्या लिंबाखाली उभी होते, कारण घरी बसवत नव्हतं.

शेठनी गावातल्या सगळ्या रिक्षा भाड्याने घेतल्या होत्या. बायकांना घरातून आणायचं आणि परत सोडायचं. इकडे मंदाकाकूंचा दारोदार फिरून गुडघा सुजलेला. त्यांना पाऊलही टाकता येईना, आणि शेठच्या रिक्षात बसायचं नाही असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून ठेवलेलं. ओंकारदादा कामासाठी पुण्याला गेलेला. दुपार कलली तरी मंदाकाकू आल्या नाहीत. गटातल्या बायका गेटाजवळ कावऱ्याबावऱ्या झाल्या. कुणीतरी म्हणालं, काकूच नाहीत तर बाकीच्या कशाला येतील?

माझा डबा घेऊन आलेल्या आत्याने हे ऐकलं. तिने स्कुटीला किक मारली आणि गेली.

थोड्या वेळाने गल्लीच्या तोंडाशी स्कुटी दिसली. पुढे आत्या, मागे मंदाकाकू, पाय बाजूला लांब काढलेला, एक हात आत्याच्या खांद्यावर. रस्त्यावरचे लोक बोलायचे थांबले. रिक्षा थांबल्या. उभ्या बाटलीच्या गाडीवर आडवी बाटली बसून चालली होती.

शेठ गेटाबाहेर उभे होते, ते पुढे धावले. "रूथताई, डोकं फिरलंय का तुमचं? ती आपल्या विरुद्ध मत टाकनार हाय."

आत्याने स्कुटी स्टँडवर लावली, मंदाकाकूंना धरून उतरवलं आणि म्हणाली, "टाकायलाच तर आनलीय तिला."

दोघी एकमेकींना धरून शाळेच्या फाटकातून आत गेल्या. रांगेतल्या बायकांनी बाजूला होऊन वाट दिली. मी लिंबाखाली उभी राहून आत्याची पाठ बघत होते, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की शाळा बदलावी लागली तरी चालेल.

संध्याकाळी निकाल लागला. उभी बाटली जिंकली, तीही थोडक्यात. दुकानं राहिली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकाकू काठी टेकत टेकत मागच्या पडवीत आल्या. आत्या भांडी घासत होती, मी केस विंचरत होते. मला वाटलं, आता त्या कधी बोलणार नाहीत. त्या खोक्यांवर बसल्या.

"तुझ्यामुळं हारलो," त्या म्हणाल्या.

"मी काय केलं?"

"मी लंगडत, पडत, धडपडत आले अस्ते, तर समद्या बायांना गलबलून आलं अस्तं. दनादन आडवीवर शिक्के पडले अस्ते. तू मला गाडीवर आनलंस. बाया म्हनल्या, कशाला हिच्या पोटावर मारायचं?"

आत्याने तांब्या उपडा ठेवला. "मग पुढच्या येळी रिक्षानं जा."

"रिक्षानं कशाला? पुढच्या येळी पन तूच न्हे." मंदाकाकूंनी गुडघा चोळला. "सोडनार न्हाई मी. पुन्ना सह्या गोळा करनार."

"कर की. पाट्या ही लिहील."

मग मंदाकाकूंनी विचारलं, "रूथ, खरं सांग. तू कुठं मारलास शिक्का?"

आत्याने हात पुसले, पडवीतल्या ढिगाकडे बघितलं आणि म्हणाली, "खोकी किती पायजेत?"

"दोन दे. पापड भरायचेत." मंदाकाकू काठी टेकून उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या. "आन एक ते ओंकारच्या बाटल्यांचं दे. ते मजबूत आस्तंय."